सौरवाऱ्याचा वेध : भूचुंबकीय वादळांची पूर्वसूचना आणि तिचे अर्थकारण

जुलै २०१२ च्या अखेरीस एका आठवड्याच्या अंतराने दोन घटना घडल्या. त्यांपैकी एक साऱ्या देशाने अनुभवली, तर दुसरीची कुणकुणही सर्वसामान्यांना लागली नाही.

३० जुलै २०१२ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर भारताची वीज ग्रिड कोसळली. चंदीगड शहरासह पंजाब, हरियाणा, दिल्ली, राजस्थान व उत्तर प्रदेशाचा वीजपुरवठा खंडित झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास ग्रिड पुन्हा कोसळली आणि या वेळी उत्तरेबरोबर पूर्व व ईशान्य भारतही तिच्यात सापडला. बाधित प्रदेशाची लोकसंख्या साठ कोटींहून अधिक होती. चंदीगडसारख्या नियोजनबद्ध शहरात वीज गेली म्हणजे केवळ दिवे जात नाहीत. या शहराचे पाणी भाक्राच्या कालव्यावरील काजौली येथून पंपाने उचलून आणले जाते. त्यामुळे वीज दीर्घकाळ बंद राहिली, तर पाणी, रुग्णालये, वाहतूक आणि बँकव्यवहार यांच्यावर एकामागून एक ताण येतो. या बिघाडाची सुरुवात बिना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी अतिभारामुळे बंद पडण्यातून झाली. सूर्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

दुसरी घटना बरोबर एक आठवडा आधीची, २३ जुलै २०१२ ची. त्या दिवशी सूर्यावरून प्लाझ्माचा एक प्रचंड लोट अवकाशात फेकला गेला. तो पृथ्वीच्या दिशेने आला नाही. ‘नासा’चे ‘स्टीरिओ-ए’ हे यान त्याच्या वाटेत होते आणि सुमारे १९ तासांत लोट त्या यानापर्यंत पोचला. हाच उद्रेक सुमारे आठवडाभर आधी झाला असता, तर सूर्याचा तो भाग पृथ्वीसमोर असता आणि आधुनिक काळातील सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळाला जगाला तोंड द्यावे लागले असते, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी त्या यानाच्या नोंदींवरून काढला.

ग्रिड कोसळण्याची किंमत आपण मोजली आहे. सूर्याकडून येणाऱ्या संकटाची किंमत मोजण्याची वेळ भारतावर अद्याप आलेली नाही. ती येण्यापूर्वी पूर्वसूचना मिळू शकते काय, ती कशी मिळते आणि तिच्यावर खर्च करणे कितपत योग्य आहे, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सौरवारा आणि पृथ्वी

सूर्याच्या बाह्य प्रभामंडलातून विद्युतभारित कणांचा प्रवाह सर्व दिशांना सतत वाहत असतो. यालाच सौरवारा म्हणतात. त्याची सैद्धांतिक मांडणी यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये केली. परीक्षकांचा विरोध असतानाही त्यांचा शोधनिबंध छापण्याचा निर्णय संपादक या नात्याने सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी घेतला होता. पृथ्वीजवळ सौरवारा अतिशय विरळ असतो. एका घन सेंटिमीटरमध्ये साधारणपणे पाच-दहा कण, एवढीच त्याची घनता असते. मात्र त्याचा वेग सेकंदाला ३०० ते ८०० किलोमीटर असतो. सूर्यावर मोठा उद्रेक झाला की या वाऱ्यात चुंबकीय क्षेत्रासह प्लाझ्माचा लोट सोडला जातो. शास्त्रज्ञ त्याला ‘कोरोनल मास इजेक्शन’ अर्थात सीएमई असे संबोधतात.

असा लोट पृथ्वीवर आदळला आणि त्यातील चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असली, तर पृथ्वीच्या चुंबकीय आवरणात मोठ्या प्रमाणावर ऊर्जा शिरते आणि भूचुंबकीय वादळ उद्भवते. चुंबकीय क्षेत्र वेगाने बदलू लागले की जमिनीत विद्युतदाब निर्माण होतो. त्यामुळे वाहणारा जवळजवळ एकदिश असा प्रवाह ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगमधून लांब पल्ल्याच्या वीजवाहिन्यांत शिरतो. ट्रान्सफॉर्मर प्रत्यावर्ती प्रवाहासाठी घडवलेले असतात. या परक्या प्रवाहाने त्यांचा लोखंडी गाभा चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होतो, ते तापतात आणि ग्रिडमधील व्होल्टेज ढासळू लागते. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताची ग्रिड याच कारणाने अवघ्या दीड मिनिटात कोसळली आणि सुमारे साठ लाख लोक नऊ तास विजेविना राहिले. ३० ऑक्टोबर २००३ रोजी स्वीडनमधील माल्मो शहराचा वीजपुरवठाही अशाच वादळाने खंडित झाला होता.

कुलाब्याची नोंदवही

हे संकट केवळ उत्तर ध्रुवाजवळच्या देशांचे आहे, हा समज दूर करणारा सर्वांत जुना पुरावा मुंबईतला आहे. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात होत्या. सप्टेंबर १८५९ च्या प्रारंभी इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध सौर वादळ आले, तेव्हा युरोप व अमेरिकेतील तारयंत्रे विस्कळीत झाली. त्याच वेळी कुलाब्याच्या नोंदवहीत क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद झाली. उष्ण कटिबंधातील ही नोंद १४४ वर्षांनी, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्या वादळाची तीव्रता ठरवण्यासाठी आधारभूत ठरली. या संशोधनात भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग होता.

मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी दूषित होणार, हे ओळखून या नोंदींचे काम अलिबागला हलवण्यात आले. तेथील वेधशाळा १९०४ पासून कार्यरत झाली. शहराला ट्राम मिळाली आणि विज्ञानाच्या नोंदींची मालिकाही अखंड राहिली. विकास आणि निरीक्षण यांच्यातील संघर्ष वेळीच ओळखला, तर दोहोंची सोय लावता येते, याचे हे शंभर वर्षांपूर्वीचे उदाहरण आहे.

रेडिओ स्रोतांची लुकलुक

अलिबागची उपकरणे वादळ येऊन पोचल्याची नोंद करतात. ते वाटेत असतानाच कसे ओळखायचे, हा खरा प्रश्न आहे. सूर्य आणि पृथ्वी यांमधील अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर आहे. एवढ्या विस्तृत प्रदेशात जागोजागी याने ठेवणे शक्य नाही. येथे रेडिओ खगोलशास्त्राने एक सुटसुटीत मार्ग दाखवला.

रात्री तारे लुकलुकतात, कारण त्यांचा प्रकाश आपल्या वातावरणातील अस्थिर हवेतून येतो. ग्रहांची बिंबे आकाराने मोठी दिसत असल्याने ते फारसे लुकलुकत नाहीत. हेच तत्त्व रेडिओलहरींनाही लागू पडते. अतिदूरच्या क्वेसारसारख्या लहान दिसणाऱ्या स्रोतांकडून येणाऱ्या रेडिओलहरी सौरवाऱ्यातून जाताना त्यातील घनतेच्या चढउतारांमुळे विखुरतात आणि पृथ्वीवरील दुर्बिणीला त्या स्रोताची तीव्रता सेकंदासेकंदाला कमीजास्त होताना दिसते. केंब्रिजमधील अँटनी ह्यूइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये हा आविष्कार प्रसिद्ध केला. त्याच्या अभ्यासासाठी उभारलेल्या दुर्बिणीनेच १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना पहिला पल्सार सापडला.

या लुकलुकीतून दोन गोष्टी कळतात. तिचे प्रमाण नेहमीपेक्षा वाढले, तर त्या दिशेला सौरवाऱ्यात अधिक घन व खळबळलेला प्लाझ्मा आहे, असे समजते. तिच्या चढउतारांच्या गतीवरून त्या प्लाझ्माचा वेग काढता येतो. आकाशात असे शेकडो स्रोत पसरलेले आहेत. दररोज त्यांचा वेध घेतला, तर रुग्णाच्या शरीराचे सीटी स्कॅन करावे तसे सूर्य व पृथ्वी यांमधील अवकाशाचे त्रिमितीय चित्र संगणकावर तयार करता येते. कालच्या आणि आजच्या चित्रांची तुलना केली की लोट कोठवर आला, किती वेगाने येत आहे आणि त्याची दिशा पृथ्वीकडे आहे की नाही, याचा अंदाज बांधता येतो.

कल्याण ते उटी

या क्षेत्रात भारत आरंभापासून आघाडीवर आहे. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून परदेशातून परतलेले गोविंद स्वरूप यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वतीने मुंबईजवळ कल्याण येथे १९६५ मध्ये देशातील पहिली रेडिओ दुर्बीण उभारली. ऑस्ट्रेलियाकडून मिळालेल्या ३२ लहान तबकड्यांची ही मांडणी सूर्याच्याच अभ्यासासाठी होती. त्यानंतर १९७० मध्ये निलगिरीत उटीजवळ ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण देशी अभियंत्यांनी पूर्ण केली. तेथील अक्षांश सुमारे ११ अंश आहेत. तेवढाच उतार असलेली टेकडी शोधून दुर्बीण बसवल्यामुळे तिचा लांब अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहिला. परिणामी ती केवळ एका अक्षाभोवती फिरवून कोणताही स्रोत सलग नऊ-साडेनऊ तास न्याहाळता येतो. साधनांची टंचाई असताना भूगोलाचाच यंत्राचा भाग म्हणून उपयोग करून घेण्याची ही कल्पकता होती.

३२६.५ मेगाहर्ट्झ या कंप्रतेवर चालणारी ही दुर्बीण सौरवाऱ्याच्या अभ्यासासाठी जगातील सर्वाधिक संवेदनशील साधनांपैकी एक ठरली. पी. के. मनोहरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या साहाय्याने अनेक सीएमईंचा सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचा प्रवास रेखाटला. वाटेत त्यांचा वेग कसा बदलतो, हे त्यातून दिसून आले. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनेही थलतेज, राजकोट व सुरत येथे १०३ मेगाहर्ट्झवरील केंद्रे उभारून सौरवाऱ्याचा वेग मोजण्याचे प्रयत्न केले होते. उटीची दुर्बीण ज्या संस्थेकडे आहे, ते राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र पुण्यात आहे. नारायणगावजवळ खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी दुर्बीणही याच केंद्राची आहे.

मिनिटे, तास आणि दिवस

पूर्वसूचनेची उपयुक्तता ती किती आधी मिळते यावर ठरते. सध्या तीन प्रकारची साधने उपलब्ध आहेत. पहिले साधन म्हणजे सूर्यबिंब झाकून भोवतालचे प्रभामंडल टिपणाऱ्या अवकाशातील दुर्बिणी. लोट सुटताच तो त्यांना दिसतो. परंतु पुढील प्रवासात सौरवारा त्याला ओढतो किंवा रोखतो. त्यामुळे आगमनाच्या वेळेचा त्यांवरून केलेला अंदाज सरासरी दहा तासांच्या आसपास चुकतो.

दुसरे साधन म्हणजे पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर, एल-१ या बिंदूजवळ असलेली याने. भारताचे ‘आदित्य-एल१’ २ सप्टेंबर २०२३ रोजी निघून ६ जानेवारी २०२४ रोजी तेथे पोचले. ही याने लोटाचा वेग, घनता आणि चुंबकीय दिशा प्रत्यक्ष मोजतात. म्हणून त्यांची सूचना सर्वांत विश्वसनीय असते. तिला वेळ मात्र फार थोडा मिळतो. सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाच्या प्रवाहासाठी तासाभराची, तर १,००० किलोमीटर वेगाच्या लोटासाठी केवळ २५ मिनिटांची सवड राहते. जुलै २०१२ सारख्या लोटासाठी ती ११-१२ मिनिटांवर येते.

या दोहोंमधील विशाल पोकळी रेडिओ निरीक्षणे भरून काढतात. हजार किलोमीटर वेगाचा लोट निम्म्या वाटेवर ओळखता आला, तर सुमारे २० तास हाती राहतात. पंचवीस मिनिटांत नियंत्रण केंद्रातील अभियंता फार तर नियोजित स्विचिंग थांबवू शकतो. वीस तासांत मात्र दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या वाहिन्या पुन्हा जोडता येतात, महत्त्वाच्या ट्रान्सफॉर्मरांवरील भार हलका करता येतो आणि भाक्रा किंवा कोयना यांसारखी तत्काळ सुरू होणारी जलविद्युत केंद्रे राखीव क्षमतेसह सज्ज ठेवता येतात. भाक्रा-बियास व्यवस्थापन मंडळाचे मुख्यालय चंदीगडलाच आहे. अवकाशातील वादळाची सूचना उपयोगात आणणारी जी कार्यालये असतील, त्यांत अशा संस्थांचा समावेश आवश्यक ठरतो.

पूर्वसूचनेचे अर्थकारण

पूर्वसूचनेनुसार कृती केव्हा करावी, याचा अर्थशास्त्रातील नियम सोपा आहे. समजा, खबरदारीचा खर्च एक कोटी रुपये आहे आणि ती न घेतल्यास संभाव्य हानी पन्नास कोटींची आहे. अशा वेळी वादळाची संभाव्यता दोन टक्क्यांहून अधिक असल्यास खबरदारी घेणेच हिताचे असते. म्हणजेच पूर्वानुमान अचूक असण्याची वाट पाहण्याची गरज नाही. हानी जितकी मोठी, तितके अपुरे पूर्वानुमानही मोलाचे ठरते. येथे दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. वारंवार खोट्या ठरणाऱ्या सूचनांकडे माणसे दुर्लक्ष करू लागतात. म्हणून रेडिओ निरीक्षणाने वीस तास आधी स्वस्त व सहज मागे घेता येईल अशी तयारी करावी आणि एल-१ वरील यानाने दुजोरा देताच खर्चीक उपाय योजावेत, अशी द्विस्तरीय पद्धत अधिक किफायतशीर ठरेल.

भारतापुरता या हानीचा विचार तीन दृष्टींनी करावा लागतो. पहिली बाब विजेची. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण ग्रिड उर्वरित देशाशी जोडली गेली. चंदीगड आणि सोलापूर एकाच कंप्रतेवर चालणाऱ्या ग्रिडचे भाग आहेत. या एकात्मतेचे लाभ मोठे आहेत. मात्र लांब व उच्च दाबाच्या वाहिन्यांचा रोध कमी असल्याने भूचुंबकीय प्रवाहालाही त्या सुलभ वाट देतात. आपला देश कमी अक्षांशांत असल्याने धोका कॅनडापेक्षा कमी आहे. तो शून्य नाही, हे कुलाब्याच्या नोंदींनी दाखवले आहे.

दुसरी बाब उपग्रहांची. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ उपग्रह एका साधारण वादळामुळे विस्तारलेल्या वातावरणात सापडून नष्ट झाले. काही दिवसांचा विलंब त्या तुलनेत फार स्वस्त पडला असता.

तिसरी बाब स्थाननिश्चितीची. १० व ११ मे २०२४ रोजी दोन दशकांतील सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ आले. लडाखमधील हानले येथून आकाशात लाल आभा दिसली. त्याच वेळी अमेरिकेत उपग्रहाधारित मार्गदर्शनावर चालणाऱ्या पेरणीयंत्रांची अचूकता ढळल्याने ऐन हंगामात अनेक शेतकऱ्यांना काम थांबवावे लागले. आपल्याकडे ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी केली जाते. या मोजणीला भारतीय सर्वेक्षण विभागाच्या उपग्रहाधारित संदर्भ केंद्रांचा आधार असतो. वादळाच्या दिवशी केलेल्या मोजणीतील चूक उद्या एखाद्या कुटुंबाच्या मालमत्तापत्रकात उतरू शकते. एक दिवस आधी सूचना मिळाली, तर मोजणी पुढे ढकलण्यास काहीच खर्च येत नाही.

अशी पूर्वसूचना ही खऱ्या अर्थाने सार्वजनिक वस्तू आहे. ती एकाने वापरली म्हणून दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि कोणालाही तिच्यापासून दूर ठेवणे व्यवहार्य नसते. म्हणूनच तिच्यासाठी बाजारातून पुरेशी गुंतवणूक होत नाही. हवामान खात्याप्रमाणे तिचा भार शासनानेच उचलावा लागतो.

मर्यादांचे भान

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. लोटातील चुंबकीय क्षेत्राची दिशा लुकलुकीवरून थेट कळत नाही आणि वादळाची तीव्रता तर तिच्यावरच अवलंबून असते. त्यामुळे रेडिओ निरीक्षणे एल-१ वरील यानांची जागा घेऊ शकत नाहीत. याशिवाय एका ठिकाणची दुर्बीण दिवसातील काही तासच वेध घेऊ शकते. पृथ्वी फिरत असताना वेधाची साखळी अखंड ठेवण्यासाठी वेगवेगळ्या रेखांशांवर केंद्रे लागतात. जपानमधील नागोया विद्यापीठाची केंद्रे, मेक्सिको, रशिया, युरोप व ऑस्ट्रेलियातील दुर्बिणी यांच्या साखळीत भारताचे स्थान भौगोलिकदृष्ट्या मोक्याचे आहे.

आणखी एक अडचण दुर्बिणींच्या वेळेची. मोठ्या दुर्बिणींवर खगोलशास्त्राच्या अनेक शाखांचा हक्क असतो. संशोधनासाठी महिन्यातील काही दिवस पुरतात, पूर्वसूचनेसाठी मात्र वर्षाचे ३६५ दिवस वेध लागतात. संशोधन संस्थेचे यश शोधनिबंधांत मोजले जाते, सूचना सेवेचे यश टळलेल्या नुकसानीत मोजावे लागते. ही दोन कामे एकाच अर्थसंकल्पात व एकाच मूल्यमापनाखाली बसवली, तर दुसऱ्याची उपेक्षा होणे स्वाभाविक आहे.

पुढील दिशा

या पार्श्वभूमीवर काही गोष्टी अग्रक्रमाने व्हाव्यात. सौरवाऱ्याच्या दैनंदिन वेधासाठी स्वतंत्र वेळ अथवा स्वतंत्र, तुलनेने लहान रेडिओ दुर्बीण राखून ठेवावी. उटी व पुणे येथील रेडिओ निरीक्षणे, ‘आदित्य-एल१’ ची मोजमापे आणि अलिबागसह भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या वेधशाळांच्या नोंदी एका सूचना केंद्रात एकत्र याव्यात. या सूचना शास्त्रीय भाषेत न देता वीज नियंत्रण केंद्रे, उपग्रहचालक, विमानवाहतूक व भूमापन विभाग यांना समजतील अशा टप्प्यांत दिल्या जाव्यात. कोणत्या टप्प्यावर कोणी कोणती कृती करावी, हेही आधीच ठरलेले असावे. मोठ्या ट्रान्सफॉर्मरांच्या अर्थिंगमधील प्रवाह मोजणारी उपकरणे निवडक उपकेंद्रांत बसवल्यास भारतीय ग्रिडवरील प्रत्यक्ष परिणामही कळेल. तसेच अलिबागच्या वेळी दाखवलेली दूरदृष्टी आजही दाखवून खोडद व उटी परिसरातील रेडिओ शांतता मोबाइल मनोरे व अन्य उपकरणांच्या गोंगाटापासून जपली पाहिजे.

१८५९ मध्ये कुलाब्याला रात्रंदिवस चुंबकसूचीची नोंद घेणाऱ्या निरीक्षकांना त्या आकड्यांचा उपयोग कोणाला होईल, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी नोंदी ठेवल्या म्हणून आज आपल्याला संकटाचे आकारमान कळते. चक्रीवादळांच्या बाबतीत वेळीच मिळालेल्या सूचनेने किती प्राण वाचतात, याचा अनुभव आपल्या किनारपट्टीने घेतलेला आहे. सूर्याकडून येणाऱ्या वादळासाठी तशीच व्यवस्था उभारण्यास लागणारे ज्ञान, साधने व माणसे देशात आहेत. ती एका सूत्रात गुंफण्याचे काम शांततेच्या काळात झाले, तर चंदीगडच्या पाण्याचे पंप आणि सोलापूरची उपकेंद्रे त्या दिवशीही चालू राहू शकतील.